स्त्रीचे पहिले पिस्तूल

आत्मसंरक्षणासाठी शस्त्र घेऊ इच्छिणारी स्त्री विक्रेत्याकडे गेली, म्हणजे तिच्यापुढे बहुधा दुकानातील सर्वांत लहान व सर्वांत हलके हत्यार ठेवण्यात येते. विक्रेत्याचा त्यात काही दुष्ट हेतू असतो असे नाही. स्त्रीचा हात नाजूक, तेव्हा तिचे शस्त्रही नाजूक असावे, असा एक समज पूर्वापार चालत आलेला आहे. अमेरिकेतील स्मिथ अँड वेसन या कारखान्याने 1902 साली ‘लेडीस्मिथ’ नावाचे .22 बोअरचे इवलेसे रिव्हॉल्व्हर काढले. आपल्या देशातही, दिल्लीत डिसेंबर 2012 मध्ये घडलेल्या अमानुष अत्याचारानंतर, कानपूरच्या सरकारी कारखान्याने जानेवारी 2014 मध्ये ‘निर्भीक’ हे .32 बोअरचे रिव्हॉल्व्हर खास स्त्रियांसाठी म्हणून पुढे आणले. वजन अवघे 500 ग्रॅम, तेव्हाची किंमत सुमारे 1,22,000 रुपये, आणि ठेवावयास दागिन्यांच्या डब्यासारखा डबा! हलके ते स्त्रीला सोपे, हा जो या सर्वांमागचा समज, तो कितपत खरा आहे याचा विचार शांतपणे करावयास हवा. कारण येथे चूक झाली, तर ती प्राणावर बेतणारी असते.

गोळी पुढे सुटते तेव्हा शस्त्र मागे येते, हा न्यूटनचा नियम शाळेतील मुलासही ठाऊक असतो. त्या नियमाचा पुढचा भाग मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. एकच काडतूस दोन शस्त्रांतून उडविले आणि त्यांतील एकाचे वजन दुसऱ्याच्या निम्मे असले, तर ढोबळ मानाने ते हलके शस्त्र दुप्पट वेगाने मागे येते, आणि हाताला झेलावी लागणारी ऊर्जाही दुप्पट होते. म्हणजे जे पर्समध्ये हलके वाटते, तेच हातात जड जाते. .32 ची गोळी मुळात सौम्य असल्यामुळे हा झटका बराच आटोक्यात राहतो, हे खरे. तथापि पहिल्या काही गोळ्यांतच ज्या हाताला झटक्याची धास्ती बसली, तो हात पुढे चाप ओढण्यापूर्वीच दचकू लागतो, आणि नेम खाली जातो.

दुसरी गोष्ट नळीची. नळी आखूड म्हणजे पुढची माशी आणि मागची खाच यांतील अंतर थोडे. अंतर थोडे असले की नजरेची केसाएवढी चूक लक्ष्यापाशी वितीएवढी होऊ शकते. तिसरी गोष्ट चापाची. घोडा आधी न चढविता नुसता चाप ओढावयाचा म्हटले, तर अनेक रिव्हॉल्व्हरांत सुमारे 5 किलोंचा जोर लागतो. अर्धा किलो वजनाच्या वस्तूवर बोटाने पाच किलोंचा जोर द्यावयाचा आणि ती वस्तू तसूभरही हलू द्यावयाची नाही, ही कसरत नवशिकीच्या पदरात टाकणे हा शहाणपणा नव्हे.

स्त्रीच्या हातास वजन पेलत नाही, ही समजूतही टिकणारी नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी 2018 सालच्या आशियाई क्रीडास्पर्धेत, पालेमबांग येथे, 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले. नेमबाजीत तो मान मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री. या प्रकारात .22 बोअरचे पिस्तूल वापरतात, आणि त्याचे वजन 1400 ग्रॅमपर्यंत असू शकते. गोळी सौम्य, शस्त्र भारदस्त आणि मूठ हाताच्या मापाची, अशी ती निवड असते. स्पर्धेचे शस्त्र संरक्षणासाठी नव्हे. परंतु त्यातील तत्त्व पहिल्या शस्त्रासही लागू पडते. कानपूरहूनच 2023 साली आलेले ‘प्रबल’ हे .32 बोअरचे रिव्हॉल्व्हर 700 ग्रॅमचे आहे, म्हणजे निर्भीकहून 200 ग्रॅमनी जड. काडतुसे भरण्यासाठी त्याचे चक्र बाजूस उघडते.

मग निवड करावी तरी कशी? प्रथम शस्त्र रिकामे असल्याची स्वतः डोळ्यांनी खात्री करावी. मूठ धरली असता नळी आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत यावा, आणि पकड न बदलता तर्जनीचे पहिले पेर चापावर टेकावे. बोट ताणावे लागत असेल, तर ते शस्त्र कितीही नामांकित असले तरी त्या हाताचे नव्हे. पिस्तूल असेल, तर त्याचा वरचा सरकता भाग मागे ओढून पाहावा. ही गोष्ट बळापेक्षा युक्तीची आहे: पिस्तूल छातीजवळ, पण नळी समोर सुरक्षित दिशेस ठेवून, वरचा भाग घट्ट धरावा आणि मूठ पुढे ढकलावी. तरीही तो मागे येत नसल्यास रिव्हॉल्व्हर बरे. त्याची रचना सोपी. यानंतर जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली नेमबाजीच्या मैदानावर 50 गोळ्या उडवून पाहाव्या. पहिली गोळी कोठे लागली याला फारसे महत्त्व नाही. पन्नासावी कोठे लागली, हे पाहावे. आणि ही परीक्षा जिला शस्त्र बाळगावयाचे तिनेच द्यावी. पतीच्या वा बंधूच्या हाताला जे बसते ते तिच्या हाताला बसेलच असे नाही.

कायद्याची वाट याहून लांबची आहे. 1959 च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवान्यावाचून असे शस्त्र बाळगता येत नाही, आणि परवान्यासाठी सामान्यतः वयाची 21 वर्षे पूर्ण व्हावी लागतात. 2016 च्या नियमांनी शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या शिक्षणाची अट घातली आहे. 9 मिलिमीटरची गोळी निषिद्ध बोअरमध्ये मोडत असल्यामुळे सामान्य नागरिकाची निवड बहुधा .32 किंवा .22 यांपुरतीच उरते. काडतुसांची संख्याही परवान्यात ठरलेली असते. तेव्हा सरावाचा हिशेब आधीच करावा.

शस्त्र पर्समध्ये टाकून हिंडणे हा तर मोठाच धोका. पर्स हिसकावली जाते, कोठेतरी विसरते, आणि घरी आल्यावर लेकरांच्या हाती लागते. सार्वजनिक जागी शस्त्र म्यानात ठेवूनच नेले पाहिजे. घरी ते कुलपात, आणि किल्ली मुलांच्या आवाक्याबाहेर असावी.

आणखी एक कटू गोष्ट सांगितल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांतून वर्षानुवर्षे दिसते की, बलात्काराच्या दहांपैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी हा त्या स्त्रीच्या ओळखीचा असतो. शेजारी, आप्त, कधी घरातलाच. अंधाऱ्या गल्लीतील परक्यासाठी घेतलेले शस्त्र अशा वेळी कुलपातच राहते, आणि जेथे घरातच मारझोड आहे तेथे ते तिच्यावरच उलटण्याचे भय असते. कायद्याने स्त्रीला आत्मसंरक्षणाचा हक्क दिला आहे. बलात्काराच्या, अपहरणाच्या किंवा तेजाबाच्या हल्ल्याच्या प्रसंगी तो हल्लेखोराच्या प्राणापर्यंतही जाऊ शकतो, असे भारतीय न्याय संहितेचे 38 वे कलम सांगते. परंतु धोका टळल्यावर तो हक्कही संपतो.

म्हणून क्रम असा असावा: आधी मैदान, मग परवाना, आणि खरेदी सर्वांत शेवटी. मैदानावर दहा वेळा जाऊन आलेली स्त्री दुकानात शिरते, तेव्हा तिला काय हवे हे तिच्या हातालाच कळलेले असते. आणि दहा वेळा जाऊन आल्यावर, हे आपले साधन नव्हे, असे जिला वाटले, तिचाही निर्णय तितकाच विचारपूर्वक झालेला असतो.