समुद्राचा कान आणि त्याचा हादरा



मंठ्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. मग पाण्याखालच्या आवाजाची चर्चा येथे कशाला, असे कोणी विचारील. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवनजीक आपली 'खुकरी' ही युद्धनौका शत्रूच्या पाणबुडीने बुडविली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. ती नौका पाणबुडीच्याच शोधात निघाली होती. पाण्यात प्रकाश व रेडिओलहरी लवकर विरतात. आवाज मात्र सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो. तेव्हा तेथे सारी भिस्त कानावर.

हा कान काचेच्या तंतूचा करता येतो, हे १९७७ साली अमेरिकेत दाखविले गेले. लवचिक नळकांड्यावर केसासारखा काचतंतू गुंडाळतात. आवाजाच्या दाबाने नळकांडे किंचित आवळते, तंतूची लांबी बदलते, आणि त्यातील लेसरचा प्रकाश दुसऱ्या तंतूतील प्रकाशाशी ताडून पाहिला की तो सूक्ष्म फरक कळतो.

पण इतका तिखट कान नको तेही ऐकतो. यंत्रांची धडधड नौकेच्या अंगातून येते, नळकांडे हादरते, तंतू ताणला जातो, आणि शत्रूची चाहूल आपल्याच धडधडीत बुडून जाते.

उपाय आवाज व हादरा यांच्या भेदात आहे. हजार कंपनांच्या ध्वनीची लहर पाण्यात दीड मीटर लांब असते. लहानशा नळकांड्यावर तिचा दाब सर्व बाजूंनी सारखाच पडतो. हादऱ्याला मात्र दिशा असते. म्हणून नळकांडे टोकाला न धरता, कावडीसारखे बरोबर मध्यावर धरतात. त्याच्या लांबीच्या दिशेने हादरा बसला की एक अर्धे दबून फुगते, दुसरे ताणून बारीक होते. एकच तंतू दोहोंवर सारखा गुंडाळलेला असल्याने जमा आणि खर्च जवळजवळ फिटतात. दाबाने दोन्ही अर्धी एकदमच आवळतात. तो परिणाम टिकून राहतो.

दुसरी युक्ती तराजूची. तुलनेचा तंतूही त्याच बैठकीवर, पण दाब पोचणार नाही असा बसवितात. हात हलला तर दोन्ही पारडी हलतात. वजनाने एकच झुकते.

दोन अर्धी तंतोतंत सारखी कधीच होत नाहीत. चिकट लेपाचा थर कोठे जाड झाला तरी हादऱ्याचा अंश उरतो. म्हणून असा प्रत्येक कान कंपनयंत्रावर हलवून पारखावा लागतो. सभेत बसलेल्या विद्यार्थ्यांना आम्ही एवढेच सांगू की, हे काम चिकाटीचे आहे, आणि ते शिकायला समुद्रकाठी जन्मावे लागत नाही.