परदेशी गेलेल्याचे मत
(वडोदरा येथे मराठी श्रोत्यांपुढे केलेले भाषण)



आजचा विषय वरकरणी कायद्याचा दिसतो. परंतु वस्तुतः तो घराघरांतला आहे. मुलगा अमेरिकेत, मुलगी इंग्लंडात वा आखातात, आणि मतदानाच्या दिवशी वृद्ध आईबाप तेवढे केंद्रावर जातात, असे घर ह्या शहरात आता शोधावे लागत नाही. त्या दूरच्या लेकराचे मत कोठे गेले, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो.

प्रथम आपले राज्य कोणते, हे पाहू. येथील मराठी कुटुंबांनी घर न हलविता राज्ये बदललेली पाहिली आहेत. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९५२ व १९५७ साली येथील मते मुंबई विधानसभेसाठी पडली. १ मे १९६० रोजी गुजरात राज्य झाले आणि १९६२ ची मते गुजरात विधानसभेसाठी पडली. उंबरठा तोच, राज्य निराळे! मनुष्याची भाषा त्याच्याबरोबर देशोदेशी फिरते. मत मात्र पत्त्याला बांधलेले असते. म्हणून न्यू जर्सीत राहणाऱ्या वडोदेकराचे मत मुंबई-पुण्यात नव्हे, तर येथेच आहे.

आता कायदा पाहा. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यान्वये मतदार हा आपल्या मतदारसंघातील सर्वसाधारण रहिवासी असावा लागतो. ह्या अटीमुळे दीर्घकाळ परदेशी राहणारा नागरिक यादीबाहेर पडत असे. २०१० च्या दुरुस्तीने कायद्यात कलम २०-अ आले व २०११ पासून ते अमलात आहे. ज्याने अन्य देशाचे नागरिकत्व घेतलेले नाही, त्याने नमुना ६-अ भरावा. पासपोर्टावर भारतातील जो पत्ता असेल, त्या मतदारसंघात त्याचे नाव लागते. परंतु मत देण्यासाठी त्याने मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर हजर राहिले पाहिजे! अधिकार दिला, पण तो बजावण्याची वाट समुद्रावरून विमानाने नेली.

ह्याचे फळ काय झाले? २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत देशभर १,१९,३७४ परदेशस्थ मतदारांची नोंद होती. प्रत्यक्ष मत दिले २,९५८ जणांनी, आणि त्यांतील २,६७० एकट्या केरळचे होते. उरलेल्या साऱ्या भारताच्या वाट्यास तीनशेही आले नाहीत. ह्यास उदासीनता म्हणून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. एका मतासाठी महिन्याचा पगार विमानाच्या तिकिटावर खर्चणे कितीजणांस परवडेल? आखातातल्या गवंड्याला वा परिचारिकेला रजा तरी कोण देणार?

काही सुज्ञ म्हणतात, जो येथे राहत नाही, येथील खड्डे व पाणीटंचाई सोसत नाही, त्यास मत कशाला? आक्षेप पोकळ नाही. परंतु ज्याचे आईबाप येथे आहेत, ज्याचा पैसा दरमहा येथे येतो आणि ज्याला नोकरी संपताच येथेच परतावयाचे आहे, त्याचा ह्या राज्याशी संबंध तुटला असे कसे म्हणावे? परदेशी नेमलेल्या सरकारी नोकरास टपाली मत मिळते; २०१६ पासून कोरी मतपत्रिका विद्युत्-मार्गाने पाठविण्याचीही सोय झाली आहे. मग त्याच शहरातील खासगी नोकराने काय अपराध केला? ब्रिटनने तर परदेशस्थ नागरिकांवरील पंधरा वर्षांची मर्यादाही जानेवारी २०२४ मध्ये काढून टाकली.

२०१८ साली प्रतिनिधीमार्फत मत देण्याचे विधेयक लोकसभेत संमत झाले. २०१९ मध्ये ती लोकसभा विसर्जित होताच ते बारगळले. मला त्याचे दुःख नाही. परदेशी गेलेल्या मुलीचे मत बापाने वा सासऱ्याने द्यावे, ह्यात मताची गुप्तताही जाते आणि मुलीचे स्वातंत्र्यही. टपाली मत हाच सरळ मार्ग होय. निवडणूक आयोगाने २०२० साली तशी तयारी सरकारला कळविली होती. तरीही २०२४ पर्यंत ती वाट खुली झाली नाही.

मित्रहो, परदेश आणि मताधिकार ह्यांचे नाते ह्या नगरीस नवे नाही. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ साली ते बडोद्यास नोकरीवर परतले, तेव्हा त्या विद्वानास अस्पृश्य म्हणून ह्याच शहरात राहावयास जागा मिळाली नाही. त्याच पुरुषाने पुढे १९२८ साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकाराची मागणी मांडली, आणि आज घटनेचे ३२६ वे कलम तो अधिकार प्रत्येक प्रौढ नागरिकास देते. ज्याला येथे निवारा नाकारला गेला, त्याने मताला घराण्याची, मालमत्तेची वा शिक्षणाची अट राहू दिली नाही. मग केवळ अंतराची अट आपण का सोसावी?

तोवर आपल्या हाती आहे ते करू. मुलाबाळांना नमुना ६-अ भरावयास सांगा. नोंदलेल्यांची संख्या हाच उद्याच्या मागणीचा पुरावा होईल. परदेशी स्थायिक झालेल्यांची नावे साध्या यादीत तशीच ठेवू नका. त्यांच्या नावावर दुसऱ्याने मत टाकणे हा गुन्हा आहे. आणि मत मागावयास उमेदवार दारी येईल, तेव्हा त्यास विचारा : "आमच्या दूरच्या लेकरांच्या टपाली मतासाठी आपण काय करणार?" उत्तर मिळेपर्यंत हा प्रश्न प्रत्येक निवडणुकीत विचारीत राहा.