मदरबोर्ड गेला, की निदान चुकले?



घरचा जुना संगणक बंद पडला की आपण लगेच म्हणतो, "मदरबोर्ड गेला." ताप आला की विषमज्वरच, असे म्हणण्यासारखे हे आहे. मीही असेच म्हटले होते, आणि त्याची किंमत मोजली होती. म्हणून हा विषय आज आपल्यापुढे मांडतो.

काही वर्षांपूर्वी माझा संगणक सुरू होईना. पंखा फिरे, पण पडदा काळाच. एका दुकानदाराने तो न उघडताच बोर्ड बदलायला सांगितले. मी बोर्ड विकत आणला. घरी येऊन पाहतो तो जुनी डीडीआर-२ रॅम त्यात बसेना. त्याला डीडीआर-३ हवी होती. प्रोसेसरचे सॉकेटही वेगळे. एका वस्तूसाठी गेलो आणि तीन वस्तू घ्याव्या लागल्या. मुलीच्या फीसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात गेले. पुढे माझ्या एका माजी विद्यार्थ्याने जुन्या रॅमच्या पट्टीची सोनेरी टोके खोडरबराने पुसली, ती जुन्या बोर्डात घट्ट बसवली आणि बोर्ड सुरू झाला! दोष बोर्डाचा नव्हताच. दोष माझ्या घाईचा होता.

तेव्हा तपासणी नेहमी बिनखर्चाच्या गोष्टीपासून सुरू करावी. प्रथम वायर आणि मॉनिटरची केबल पाहा. मग प्लग काढा, सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरा, आणि आत हात घालण्यापूर्वी पेटीच्या उघड्या धातूला स्पर्श करा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाईल. धूळ झाडा. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहा. पेटीत छोटा स्पीकर असेल तर सर्व रॅम काढून संगणक सुरू करा. तो 'बीप' करून तक्रार करू लागला, तर बोर्डात बहुधा जीव आहे असे समजावे. तारीख वारंवार चुकत असेल तर बोर्डावरचा सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा सेल बदला. त्यानंतर दुसरा चांगला पॉवर सप्लाय लावून पाहा. मात्र विद्यार्थ्यांनो, पॉवर सप्लायचा डबा कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते.

एवढे करूनही काम झाले नाही, तर बोर्डावरचे नळकांड्यासारखे कपॅसिटर पाहा. त्यांचा माथा सपाट असावा. तो फुगला असेल किंवा त्यातून द्रव गळला असेल, तर रोग सापडला. २००० नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या अनेक बोर्डांत सदोष कपॅसिटर होते. डाग देण्यात तरबेज असलेला कारागीर ते बदलू शकतो. नवा कपॅसिटर तितक्याच मायक्रोफॅरडचा हवा, व्होल्टेज तितकेच किंवा थोडे अधिक चालेल. धन-ऋण टोके मात्र उलटी होता कामा नयेत.

बोर्ड बदलावाच लागला, तर आधी प्रोसेसरचे सॉकेट, रॅमचा प्रकार आणि पेटीचा आकार कागदावर लिहून न्या. २००४ च्या एलजीए ७७५ सॉकेटचा प्रोसेसर २०११ च्या एलजीए ११५५ मध्ये बसत नाही. आपले फोटो आणि कागदपत्रे हार्डडिस्कवर असतात, बोर्डावर नव्हे. त्यांची प्रत आधी काढून घ्या. यंत्राबरोबर आलेला विंडोजचा परवाना सहसा जुन्या बोर्डाशीच बांधलेला असतो, हेही हिशेबात धरा. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हा जुन्या यंत्रावर फार खर्च करण्यापूर्वी त्यावर लिनक्स चालवता येईल का, याचाही विचार व्हावा.

पालकांना एकच विनंती. दुरुस्ती करणाऱ्याला विचारा, "कोणत्या चाचण्या केल्या?" आणि काढलेला भाग परत मागून घ्या. विद्यार्थ्यांनो, केलेली प्रत्येक चाचणी वहीत लिहा. संगणक दुरुस्त होवो वा न होवो, कारण शोधल्याशिवाय निष्कर्ष काढू नये, ही शिकवण तरी पदरात पडेल. आणि ती फुकट मिळेल. मला मात्र ती विकत घ्यावी लागली.