धीराची मात्रा : डॉ. जॉर्ज कोटझियस यांचे कंपवात-संशोधन

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित अंश)



घरातील आजोबांना सदऱ्याची गुंडी लावण्यास वेळ लागतो, अक्षर दिवसेंदिवस बारीक होते, स्वस्थ बसले असता एक हात थरथरतो. आपण म्हणतो, ‘वय झाले.’ पुष्कळदा ते वय नसते, तो कंपवात असतो. १८१७ साली जेम्स पार्किन्सन या इंग्रज वैद्याने या व्याधीचे वर्णन केले, परंतु पुढील दीडशे वर्षे वैद्यकाजवळ समाधानकारक उपाय नव्हता. हे चित्र पालटण्यात ज्यांचा मोलाचा वाटा आहे, त्या डॉ. जॉर्ज कोटझियस यांच्या कार्याचा आज परिचय करून घेऊ.

त्यांचा जन्म १९१८ सालचा, ग्रीसमधील क्रीट बेटावरचा. महायुद्धाची झळ मायदेशाला लागली तेव्हा, १९४१ साली, ते अमेरिकेत आले. १९४३ साली हार्वर्ड येथून त्यांनी वैद्यकीय पदवी घेतली आणि पुढे ब्रुकहेवन येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत संशोधन केले. चिलीमधील मँगेनीजच्या खाणींत काम करणाऱ्या मजुरांचा त्यांनी अभ्यास केला. त्या धातूच्या विषबाधेने मजुरांची शरीरे ताठरत. ही लक्षणे कंपवाताशी मिळतीजुळती होती. तेथून ते या व्याधीकडे वळले.

तोवर अन्यत्र महत्त्वाचे शोध लागले होते. १९५७ साली स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी, आपल्या सर्पगंधेतून मिळणाऱ्या रेसर्पिनने निश्चल झालेले ससे ‘डोपा’ देऊन पुन्हा हिंडते केले. १९६० साली व्हिएन्ना येथे हॉर्निकेविच यांनी रुग्णांच्या मेंदूत डोपामिन फार घटलेले असते, हे दाखविले. डोपामिन रक्तातून मेंदूत शिरत नाही, डोपा मात्र शिरते व तेथे त्याचे डोपामिन होते. १९६१ साली डोपाच्या इंजेक्शनाने रुग्ण उठून चालले, पण काही तासांपुरतेच. इतरांनी अल्प मात्रा देऊन पाहिली, गुण दिसला नाही, आणि अनेकांनी आशा सोडली.

कोटझियस यांचा आरंभीचा तर्कही चुकलाच होता. या व्याधीत मेंदूतील काळे रंगद्रव्य नाहीसे होते, म्हणून ते वाढविणारे संप्रेरक त्यांनी दिले. कंप उलट वाढला! त्यांनी ते मोकळेपणाने नोंदविले आणि मार्ग बदलला. डोपा तोंडावाटे, अगदी थोड्या मात्रेने सुरू करून आठवड्यांमागून आठवडे हळूहळू वाढवीत न्यायची, रुग्णावर सतत लक्ष ठेवायचे, ही त्यांची पद्धत. १९६७ साली त्यांनी सोळा रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला; मात्रा दिवसाला ३ ते १६ ग्रॅमपर्यंत होती. आठ जणांत लक्षणीय सुधारणा झाली. काहींच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या, तेही त्यांनी लपविले नाही. पुढे त्यांनी शुद्ध लेव्होडोपा वापरले. १९६९ च्या लेखात यशाबरोबरच औषधाने उद्भवणाऱ्या अनैच्छिक हालचालींचीही नोंद आहे. १९७० साली अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली.

औषध नवे नव्हते. नवा होता तो धीर. आपल्या रानात वाढणाऱ्या खाजकुयलीच्या बियांतून हेच द्रव्य मद्रास येथे १९३७ सालीच वेगळे काढले गेले होते. तथापि, त्या बियांचे चूर्ण मनाने घेऊ नये. मात्रेचाच तर सारा प्रश्न आहे.

लेव्होडोपाने व्याधी समूळ जात नाही, परंतु रुग्णाला पुन्हा स्वतःच्या हाताने घास घेता येतो, हे काय थोडे आहे? आपल्या समाजाने दोन गोष्टी अवश्य ध्यानी ठेवाव्यात. कोटझियस यांनीच १९७५ साली दाखविले की आहारातील प्रथिनांचा या औषधाच्या परिणामावर प्रभाव पडतो. म्हणून दूध-डाळ आणि गोळी यांतील अंतर डॉक्टरांना विचारून ठरवावे. दुसरे, हे औषध एकाएकी बंद केल्यास अंग ताठरून तीव्र ज्वर येऊ शकतो व प्राणावर बेतू शकते. तेव्हा पर्युषणात उपवासाचा संकल्प करण्यापूर्वी अशा रुग्णाने आपल्या डॉक्टरांशी व गुरुमहाराजांशी बोलावे, गोळ्या परस्पर थांबवू नयेत.

१९७७ साली फुफ्फुसाच्या कर्करोगाने डॉ. कोटझियस यांचे निधन झाले. त्यांनी रुग्णाला आठवड्यांचा अवधी दिला. आपणही घरातील वडीलधाऱ्यांना गुंडी लावण्यापुरता अवधी देऊ या. ‘लवकर आटपा’ हे दोन शब्द तेवढे आवरू या.