करार टिकतो कशावर?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात नांदेड येथे केलेले भाषण)



अण्वस्त्रांच्या करारांचे भवितव्य हा विषय मी सांगितला तेव्हा एका सहकाऱ्यांनी विचारले, "सर, नांदेडला याचे काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्याचा माझा अल्पसा प्रयत्न आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. अमेरिका व रशिया यांनी २०१० साली प्राग येथे एक करार केला. सज्ज ठेवलेली दूर पल्ल्याची अण्वस्त्रे प्रत्येकी १,५५० च्या वर जाऊ द्यायची नाहीत आणि एकमेकांच्या तळांवर वर्षातून १८ वेळा पाहणी करू द्यायची, असे ठरले. २०२० साली साथीमुळे पाहणी थांबली, ती पुन्हा सुरू झालीच नाही. २०२३ मध्ये रशियाने आपला सहभाग स्थगित केला आणि ५ फेब्रुवारी २०२६ रोजी कराराची मुदत संपली. त्याची जागा घेणारा दुसरा करार तयार नव्हता. त्यापूर्वीच १९७२ चा क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवरील करार २००२ साली, तर १९८७ चा मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा करार २०१९ साली संपुष्टात आला होता.

आपल्याकडे दोन भाऊ शेत वाटून घेतात तेव्हा धुऱ्यावर दगड पुरतात. दगडाने भांडण मिटत नाही; पण धुरा कोणी कोरला, हे दगडामुळे कळते. करारातील पाहणी म्हणजे हा दगड होय. तो उपटला की उरतो केवळ संशय, आणि संशय शस्त्रे वाढवतो.

आता लातूरकडे येऊ. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. औसा तालुक्यातील आमच्या माळवदाच्या घरातून अम्मीने मला उचलून बाहेर आणले, एवढेच मला सांगण्यात आले आहे. शेजारच्या गल्लीतले कित्येकजण बाहेर येऊ शकले नाहीत. त्या पहाटेचा धक्का दूरदेशींच्या यंत्रांनीही टिपला. जमीन हलली की ते लपत नाही. भूकंपात खडक एकमेकांवरून घसरतात, तर स्फोटात सर्व दिशांना एकदम दाब बसतो. यंत्रावरच्या रेषा पाहून जाणकार हा फरक ओळखतात. आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्राने कर्नाटकात गौरीबिदनूर येथे अशी यंत्रे १९६५ सालीच ब्रिटनच्या सहकार्याने बसवली.

१९९६ च्या सर्वंकष चाचणीबंदी कराराचा आधार हेच शास्त्र आहे. परंतु तो करार अद्याप अंमलात आलेला नाही. भारताने त्यावर सही केलेली नाही आणि १९६८ च्या अण्वस्त्रप्रसारबंदी करारावरही नाही. काही राष्ट्रांनी शस्त्रे बाळगावीत व इतरांनी ती घेऊ नयेत, ही विषमता आपल्या देशाला मान्य नव्हती. त्या आक्षेपात तथ्य आहे. मात्र आक्षेप खरा असला तरी धोका कमी होत नाही, हेही तितकेच खरे.

मग आशा कोठे आहे? आपल्याच अंगणात आहे. ३१ डिसेंबर १९८८ रोजी इस्लामाबाद येथे भारत व पाकिस्तान यांनी एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला. वीजनिर्मितीच्या व संशोधनाच्या अणुभट्ट्या त्याच्या कक्षेत येतात. १९९२ पासून दरवर्षी १ जानेवारीला दोन्ही देश अशा केंद्रांची यादी अक्षांश-रेखांशासह परस्परांना देतात. १९९९ मध्ये कारगिल झाले, तरी पुढच्या जानेवारीत यादी गेली. एप्रिल २०२५ मध्ये सिंधू पाणी करार स्थगित झाला, मे महिन्यात चार दिवस तोफा आणि क्षेपणास्त्रे चालली. तरीही १ जानेवारी २०२६ रोजी पस्तिसाव्यांदा याद्यांची देवाणघेवाण झाली.

हा करार का टिकला? तो लहान आहे. दोघांनाही सारखाच लागू आहे. आणि तो मोडल्यास वारा कोणत्या दिशेने वाहील, हे कोणाच्याच हाती नाही. मोठ्या राष्ट्रांच्या करारांत ही समानता व ही नियमितता आली, तर त्यांनाही भवितव्य आहे, असे मला वाटते.

विद्यार्थी मित्रांनो, अक्षांश-रेखांश तुम्हाला रूक्ष वाटतात. पण त्या आकड्यांच्या एका कागदावर दोन्ही देशांतील लाखो माणसांची झोप अवलंबून आहे. उद्या तो कागद तपासणारा, यंत्रावरची रेषा वाचणारा किंवा वाटाघाटीला बसणारा तुमच्यापैकीच कोणी असावा. त्याची तयारी आजच करा: भूगोल नीट शिका, आणि दिलेला शब्द लहान असला तरी पाळा.