सुट्या नाण्यांचे भांडवल



बक्षीस समारंभात पाहुण्याने यशाचा मंत्र सांगावा, असा रिवाज आहे. मी मात्र बचतीबद्दल बोलणार आहे, आणि त्यासाठी मॅगी लीना वॉकर या अमेरिकन बँकरची कारकीर्द तुमच्यापुढे ठेवणार आहे. वॉकरबाई १८६४ साली व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरात जन्मल्या. सावत्र वडिलांच्या पश्चात आई गोऱ्या कुटुंबांचे कपडे धुऊन घर चालवायची आणि कपडे घरोघर पोहोचवण्याचे काम लहानग्या मॅगीकडे असे. पुढे त्या शिक्षिका झाल्या आणि १८९९ मध्ये ‘इंडिपेंडंट ऑर्डर ऑफ सेंट ल्यूक’ या कृष्णवर्णीयांच्या परस्पर साहाय्य संस्थेची सूत्रे त्यांच्या हाती आली. वर्गणी भरायची आणि आजारपणाला, अंत्यविधीला आधार मिळवायचा, असे या संस्थेचे काम. त्या वेळी तिजोरीत जेमतेम ३१ डॉलर होते आणि देणी ४०० डॉलरची. तिथून चार वर्षांत, २ नोव्हेंबर १९०३ रोजी, सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँकेचे दार उघडले. अमेरिकेत बँकेच्या अध्यक्षपदी बसलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. पहिल्याच दिवशी ८,००० डॉलरहून अधिक ठेवी जमल्या. कोणी शंभरावर डॉलर आणले, तर एकाने अवघ्या ३१ सेंटवर खाते उघडले.

माझे म्हणणे असे, की काटकसर हा व्यक्तीचा गुण असला, तरी समाजाची ताकद व्हायला तिला हिशोब चोख ठेवणारी संस्था लागते. रिचमंडच्या धुणेवाल्या बायका आणि तंबाखू कारखान्यांतले मजूर आधीही पै-पै साठवत होते. पण घरात ठेवलेल्या पैशातून कोणाचे घर उभे राहत नाही. तोच पैसा बँकेत आल्यावर त्याचे कर्ज झाले, आणि १९२० पर्यंत शेकडो कृष्णवर्णीय कुटुंबे त्या कर्जावर घरमालक झाली. मुलांना पुठ्ठ्याचे छोटे गल्ले वाटून बचतीची सवय लावली, तीही याच बँकेने.

यावर पहिला आक्षेप असा, की संस्था उभारली म्हणजे पैसा सुरक्षित होतो असे थोडेच आहे? आक्षेप खरा आहे. फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक १८७४ मध्ये बुडाली, तेव्हा नुकत्याच गुलामगिरीतून सुटलेल्या हजारो माणसांची पुंजी तिच्यात अडकली. खुद्द रिचमंडमधली ट्रू रिफॉर्मर्स या संस्थेची बँक १९१० मध्ये कोसळली. पण म्हणूनच मी चोख हिशोबावर भर देतो. बँक काढण्यापूर्वी वॉकरबाई शहरातल्या एका बँकेत जाऊन कामकाज शिकल्या. रोखपाल नेमला तोही अनुभवी. लोकांचे प्रेम पहिल्या दिवशीची गर्दी आणते. मंदीत मात्र ताळेबंदच कामाला येतो. महामंदीच्या तडाख्यात त्यांची बँक शहरातल्या इतर दोन कृष्णवर्णीय बँकांशी विलीन होऊन तगली आणि वॉकरबाई संचालक मंडळाच्या अध्यक्षा झाल्या.

दुसरा आक्षेप याहून धारदार आहे. ज्यांना मजुरीच अपुरी मिळते, त्यांना बचतीचे धडे देणे म्हणजे अन्यायावर पांघरूण घालणे नव्हे का? बचतीवरच थांबलो, तर नक्कीच. वॉकरबाई थांबल्या नाहीत. १९०२ च्या राज्यघटनेने व्हर्जिनियातल्या बहुतेक कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावला, त्याच वर्षी त्यांनी ‘सेंट ल्यूक हेरल्ड’ हे पत्र सुरू केले. १९०४ मध्ये ट्राममधल्या वेगळ्या बाकांविरुद्ध बहिष्काराला त्या पत्राने बळ दिले. १९०५ मध्ये काढलेले त्यांचे दुकान गोऱ्या व्यापाऱ्यांच्या दबावामुळे १९११ मध्ये बंद करावे लागले. याचा अर्थ बचतीने सगळे प्रश्न सुटत नाहीत. पण ज्याच्याकडे स्वतःचे पत्र आणि स्वतःची बँक आहे, तो एक दुकान गमावूनही उभा राहतो. ज्याचा सगळा कारभार दुसऱ्याच्या मेहेरबानीवर चालतो, त्याला तो हरण्याचा धोका पत्करताच येत नाही.

आपल्याकडे बचत गट आणि पतसंस्था गावोगाव आहेत. उद्या तुमच्यापैकी कोणी त्यांचे सचिव, कोणी लेखापरीक्षक, बहुतेक जण सभासद व्हाल. तेव्हा वार्षिक सभेला जा, अहवाल उघडून वाचा, थकबाकीचा आकडा विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत बसू नका. दुसऱ्याच्या घामाचा पैसा सांभाळायचा, तर एवढी खबरदारी हवीच.