दिवाळीचें पोस्त

वसुबारस उजाडली, कीं पुण्यामुंबईच्या वाड्यांतून आणि चाळींतून एक ओळखीचा शब्द दाराशीं येऊन उभा राही: "पोस्त, बाईसाहेब!" म्हणणारा कधीं टपालवाला असे, कधीं झाडूवाला, कधीं गुरखा. श्रोत्यांपैकीं वडीलधाऱ्यांना तो स्वर अजून आठवत असेल.

पोस्त म्हणजे बक्षिशी नव्हे. बक्षिशी ही देणाराची मर्जी, तर बलुतें हा घेणाराचा हक्क. पोस्त या दोहोंच्या मध्यें कोठें तरी बसतें. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं 'गांव-गाडा' या १९१५ सालच्या ग्रंथांत बलुतेदारांचें सविस्तर वर्णन केलें आहे. खळ्यावरच्या धान्यांत त्यांचा वांटा असे. शहरांत खळें नाहीं. तेव्हां वर्षभराच्या सेवेची आठवण सणाच्या नाण्यांत उरली, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

टपालवाल्याची गोष्ट मात्र थोडी निराळी. १८८० मध्यें टपालखात्यानें मनिऑर्डर सुरू केली, आणि मुंबईच्या गिरणीकामगाराचा पगार कोंकणांतल्या त्याच्या घरीं पोंचविणारा माणूस तोच झाला. पैसे मोजून द्यावे, निरक्षर म्हातारीला पत्र वाचून दाखवावें, हें सारें त्याच्याकडे आलें. अशा माणसाला सणाला रिकाम्या हातीं परत पाठविणें घरच्या बाईला जड जाई. वास्तविक तो सरकारी नोकर. त्यानें भेटी घेण्यावर १९६४ च्या वर्तणूक-नियमांचीं बंधनें आहेत. अमेरिकेंत तर हिशेबच ठरला आहे: टपालवाल्यानें एका प्रसंगीं वीस डॉलरांपर्यंतची वस्तु घ्यावी, एका घरून वर्षाला पन्नासांवर जाऊं नये, आणि रोख मुळींच घेऊं नये. इंग्लंडांत ही नाताळची पेटी फार जुनी. सॅम्युएल पेपिसनें १६६३ च्या डिसेंबरांत चांभाराच्या पोरांच्या पेटींत कांहीं टाकल्याची नोंद आपल्या रोजनिशींत केली आहे.

गिरणीकामगारांना हें मागणें पुरेसें वाटलें नाहीं. १९२४ सालीं मुंबईंत बोनससाठीं मोठा संप झाला. पुढें १९६५ च्या कायद्यानें किमान बोनस ठरला. त्याचें प्रमाण मागाहून ८.३३ टक्के, म्हणजे वर्षांतला सुमारें एक महिन्याचा पगार, असें झालें. घरकामाच्या बाईला ही सोय नाहीं. अनेक घरांनीं तोच एक महिन्याचा पगार आपण होऊन दिवाळीला देण्याचा प्रघात पाडला, आणि तो उत्तम आहे. परंतु कित्येक ठिकाणीं त्याऐवजीं कपाटांतली नको असलेली साडी आणि भाऊबीजेनंतरचा मऊ पडलेला चिवडा पुढें येतो. तिच्या चुलीवर कढई चढायची ती धनत्रयोदशीच्या आधीं. पाडव्याला दिलेले रुपये तिच्या मुलांच्या फराळाला उपयोगी पडत नाहींत. गुरख्याची वही हाही एक चमत्कारिक प्रकार! शेजाऱ्यानें किती लिहिलें हें पाहूनच पुष्कळांचें औदार्य ठरतें.

आतां दाराशीं पार्सल घेऊन येणारा तरुण बहुधा रोज निराळा. त्याचें नांव मोबाइलवर उमटतें आणि दार लागण्यापूर्वींच विसरलें जातें. तो पोस्त मागत नाहीं. थांबायलाही त्याला सवड नसते. ज्या घरांना हें खटकतें, त्यांनीं दिवाळीच्या दिवसांत लाडू-चकलीच्या पुड्या आणि त्यांबरोबर एकेक नोट दाराजवळच्या फळीवर तयार ठेवावी, आणि जो येईल त्याला पाण्याच्या पेल्याबरोबर द्यावी.